चार बोटं कमी

नवा हँडलबार तीन रात्री आमच्या खोलीत झोपला,
एसीखाली, कपाटाला टेकून.
सोहारच्या ऑगस्टात
बाहेर ठेवलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही.
वृंदा म्हणाली, पाहुणा किती दिवस आहे?
म्हटलं, शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी पहाटेची अजान संपली
तसा मी त्याला उचलून मागच्या अंगणात नेला,
आणि दाराबाहेर पडताक्षणी त्याला घाम फुटला.
समुद्रावरून आलेली दमट हवा, आतून गार झालेला क्रोम,
दोन्ही टोकांना थेंब लोंबू लागले.
बनियनने पुसला. पुन्हा फुटला.
अकरा वर्षांपूर्वी विमानाच्या शिडीवर
माझ्या चष्म्याचं हेच झालं होतं.

गाडी मूळची आर्नेलची.
मनिलाला कायमचा निघाला तेव्हा देऊन गेला,
निम्मे पैसे रोख, निम्मे माझा पगार झाल्यावर.
माझ्याहून वीतभर बुटका माणूस.
हँडल त्याने स्वतःच्या छातीकडे ओढून घेतलेलं,
ग्रिपवर त्याच्या अंगठ्याएवढा खड्डा.
चार वर्षं मी त्याच्या मापात वाकून बंदरावर जातो-येतो
आणि रात्री मनगटं मिठाच्या पाण्यात बुडवून बसतो.

खोलायला अक्कल लागत नाही बाबा, जोडायला लागते.
कुपवाडच्या एमआयडीसीत दस्तगीर मिस्त्री म्हणायचे
आणि नव्या पोराच्या हातात
आठवडाभर पाना नाही, खडू द्यायचे.

म्हणून आधी खुणा.
वृंदाची तपकिरी नेलपॉलिश, तळाशी उरलेली:
क्लॅम्पवर एक रेघ, हँडलवर तिच्यासमोर एक रेघ.
टाकीवर सोलापुरी चादर चौपदरी,
ब्रेकचं तेल सांडलं तर रंग सोलून काढतं.
वायरी कुठून कशा वळल्यात त्याचे मोबाइलवर सतरा फोटो,
त्यातल्या तिनांत माझंच बोट.
बोल्टांसाठी अंड्यांचा रिकामा ट्रे.
शेजारचा मुआज, वय नऊ, दिशदाशा गुडघ्यावर खोचून,
खळग्यांना नंबर घालत बसला, त्याच्या अंकांत.
त्याचा पाच म्हणजे हुबेहूब माझा शून्य.

मग मी सीटवर बसलो.
वृंदाने नवा हँडलबार जुन्याच्या वर हवेत धरला,
थोडा वर, अजून वर, आता तुझ्याकडे,
आणि माझे हात त्याच्यावर जाऊन टेकले.
खांदे खाली आले. पाठ आपोआप सरळ.
असा बसलास की उंच दिसतोस, ती म्हणाली.
(घामाने तिच्या हातातून निसटतच होता.)

शेवटी सुतळी.
क्लचच्या केबलवरून, तिच्याच वाटेने,
इंजिनपासून वर नव्या मुठीपर्यंत.
मुआजला सांगितलं, फिरव.
उजवीकडे पुरली.
सरळ ठेवलं, पुरली.
डावीकडे टोकापर्यंत फिरवलं
आणि केबल सुतळीपेक्षा चार बोटं कमी भरली.

पुन्हा मोजलं.
वृंदाने मोजलं, तिच्या बोटांनी पाच.

केबल मस्कतहून येईल. दोन आठवडे म्हणाला दुकानदार,
म्हणजे तीन.
भिंतीवरून ऊन उतरलं, पाने तापायला लागले,
मी एकेक उचलून फडक्यात गुंडाळला.
दुपारी खुब्ज आणायला गेलो, आर्नेलसारखाच वाकून.
परत आलो तर कपाटाला टेकलेल्या पाहुण्यावर
वृंदाने दोन ओढण्या वाळत टाकलेल्या.

संध्याकाळी मुआजने कुंपणावरून विचारलं,
किती बोल्ट निघाले?
मी ट्रे वर धरला
आणि त्याच्या पाचावर बोट ठेवलं.
खूश होऊन गेला.